मोटारीखालचा तेलाचा डाग

सकाळी मोटार फाटकाबाहेर काढल्यावर, ती रात्रभर जेथे उभी होती तेथे तांडूरच्या फरशीवर रुपयाएवढा काळसर डाग उमटलेला दिसला, आणि दुसऱ्या दिवशी तोच डाग किंचित रुंदावलेला आढळला, म्हणजे जुन्या गाडीचा मालक बहुधा दोहोंपैकी एक मार्ग पत्करतो : एक तर जुनी गाडी म्हटली की तेल गळायचेच, असे मनाशी म्हणून तो त्या डागाकडे काणाडोळा करतो, नाहीतर घाबरून गाडी थेट कारखान्यात नेतो आणि तेथे सांगतील तो सील व सांगतील ते पॅकिंग बदलण्याची मुखत्यारी देऊन मोकळा होतो. माझ्या मते हे दोन्ही मार्ग सारखेच नुकसानीचे आहेत. लहान गळती थांबविणे हे काम पुष्कळदा दोनचार पाने आणि एका दुपारचा वेळ एवढ्यावर भागणारे असते. कठीण असते ते तेल नेमके कोठून सुटते हे ठरविणे, आणि त्या शोधाला लागणारी सवड गर्दीच्या कारखान्यातील मिस्त्रीजवळ नसते, ती असलीच तर मालकाजवळ असते. म्हणून दुरुस्ती वाटल्यास दुसऱ्याकडून करवून घ्यावी, पण शोध मात्र स्वतः करावा, एवढेच मला येथे आग्रहाने मांडावयाचे आहे.

हा आग्रह मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे. काचीगुड्याच्या आमच्या घरी १९९६ सालची मारुती ८०० अद्याप वापरात आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या इंजिन व गिअरबॉक्स ह्यांच्या सांध्यातून तेल ठिबकू लागले, तेव्हा एका कारखान्यात ‘क्रँकचा मागचा सील गेला’ असा निकाल मिळाला. गिअरबॉक्स उतरविली गेली, सील बदलला गेला, गिअरबॉक्स उतरलीच आहे तर क्लचप्लेटही घालून घ्या अशा सल्ल्याने तीही नवी पडली, आणि एवढा खर्च करून पंधरवडा लोटतो न लोटतो तोच डाग पूर्ववत् त्याच जागी उमटला. पुढे पुतलीबावलीच्या बाजूला भेटलेल्या एका वयोवृद्ध मिस्त्रीने बॉनेट उघडून आत हातही न घालता आपल्या दखनीत एवढेच सांगितले, “पैले धोके देखो साब, फिर खोलो.” त्याच्या सांगण्याप्रमाणे इंजिन धुऊन पाहिल्यावर कळले, की तेल वरून, डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी असलेल्या रबरी कड्यातून पाझरत होते. ह्या गाडीत डिस्ट्रिब्यूटर हेडच्या गिअरबॉक्सकडील टोकास बसविलेला असल्यामुळे ते तेल हेडच्या कडेने उतरून बरोबर गिअरबॉक्सच्या सांध्यावर येई आणि तेथून थेंब पडे. पाहणाऱ्यास वाटे, सांधाच गळतो आहे. ते रबरी कडे दोन कप चहाच्या किमतीत मिळाले. तेल जेथून पडते ती जागा आणि तेल जेथून सुटते ती जागा ह्या दोन निरनिराळ्या असतात, हे तेव्हापासून माझ्या मनावर कायमचे बिंबले.

प्रथम हे पाहावे, की डाग इंजिनच्या तेलाचाच आहे काय. वातानुकूलन यंत्राचे निथळलेले पाणी, हिरवट किंवा तांबूस रंगाचे व किंचित गोडसर वासाचे रेडिएटरमधील शीतकद्रव्य, चाकाच्या आतल्या अंगास ओलावा आणणारे पिवळसर, पातळ ब्रेकतेल, आणि नाकाला झोंबणाऱ्या गंधकी वासाचे गिअरतेल ही सर्व गाडीखाली सांडू शकतात. इंजिनचे वापरलेले तेल तपकिरी ते काळे असते, बोटावर बुळबुळीत लागते आणि कागदावर पडल्यास त्याभोवती फिकट वलय पसरते. ब्रेकतेलाचा संशय आल्यास मात्र गाडी जागची हलवू नये. तो प्रश्न ह्या लेखाच्या मर्यादेत बसणारा नाही आणि दुसऱ्या दिवसावर टाकण्याजोगाही नाही. रात्री गाडीखाली पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा तक्ता सरकवून ठेवावा, पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलीने आखाव्यात आणि सकाळी थेंब कोठे व किती पडले ते तारखेसह नोंदवावे. वर्तमानपत्राचा कागदही चालतो, परंतु तो तेल शोषून पसरवितो व थेंबांची गणती करू देत नाही.

गणती कशासाठी, असे कोणी विचारील. तेलाचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर, असा स्थूल हिशेब धरला, तर रात्रीच्या आठ तासांत दर मिनिटास एक थेंब पडणारी गाडी ४८० थेंब, म्हणजे सुमारे २४ मिलिलिटर तेल गमावते, आणि सहा आठवड्यांत एक लिटर खाली जाते. पुष्कळ मोटारींत तेलपट्टीच्या वरच्या व खालच्या खुणांमधील अंतर साधारण तेवढेच असते. म्हणजे असा मालक तेलपट्टी न पाहता दोन महिने गाडी हाकीत राहिला, तर इंजिन कोरडे पडण्याच्या वाटेवर असते. उलट रात्रीतून दोनतीन थेंब पडत असतील, तर धीर धरून, सोयीचा रविवार पाहून शोधास लागण्यास हरकत नाही. तीन प्रसंगी मात्र धीर धरू नये : तेल धुराड्याच्या तप्त नळीवर पडून बॉनेटखालून धूर व करपट वास येत असेल, कारण त्यातून आग लागू शकते, तेल टायमिंग बेल्टवर उडत असेल, कारण तेलाने भिजलेला पट्टा अकाली तुटतो, किंवा तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा चालत्या गाडीत क्षणभर जरी लागला असेल. हा दिवा लागल्यावर गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. घर जवळ आले आहे, ही सबब येथे उपयोगी नाही.

आपल्या शहराच्या हवेचाही ह्या दुखण्यात वाटा आहे. मे महिन्यात हैदराबादेत पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो, आणि अशा दुपारी कोठीच्या चौकात किंवा पंजागुट्ट्याच्या वाहनांच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी वाऱ्याअभावी आतून अधिकच तापते. ही उष्णता वर्षानुवर्षे सोसून रबराची लवचिकता जाते, ते कडक होऊन त्यास सूक्ष्म चिरा पडतात. बुचाचे पॅकिंग वाळून आक्रसते. गाडी फार चालली नाही म्हणून तिचे रबर शाबूत असेल, असेही समजू नये, कारण नुसत्या उभ्या राहण्यानेही ते म्हातारे होते. त्यात भर पडते ती पठारावरील बारीक धुळीची, जी ओल्या तेलावर बसून काळी साय धरते व तिच्याखाली मूळ उगम झाकून जातो.

म्हणून पहिले काम धुण्याचे. ते थंड इंजिनवर करावे. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. डिस्ट्रिब्यूटर, अल्टरनेटर व कार्ब्युरेटरचे तोंड ह्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट बांधाव्यात. मग इंजिन धुण्याचे बाजारी द्रावण किंवा रॉकेल जुन्या ब्रशाने लावून, वरून खाली येत, हेडपासून तळाच्या चेंबरपर्यंत सर्व काळी साय सोडवावी. पेट्रोलचा वापर ह्या कामी कदापि करू नये, आणि रॉकेल वापरल्यास जवळपास विडी, काडी किंवा दिवा असू देऊ नये. नंतर मंद धारेने धुवावे, कापडाने टिपावे आणि दोनतीन तास वाळू द्यावे; जोरदार दाबाचा पाण्याचा फवारा कारखान्यात वेळ वाचविण्यासाठी मारतात, परंतु ते पाणी विजेच्या जोडांत शिरून दुसरीच व्याधी उत्पन्न करते. हे काम कंटाळवाणे आहे खरे. पण एकदा इंजिनचा मूळ धातू उघडा झाला, की गळतीला लपावयास जागा उरत नाही, आणि निम्मा शोध तेथेच संपतो.

ह्यापुढील युक्ती शंखजिऱ्याची. शंखजिऱ्याची बारीक पूड, किंवा ती नसल्यास अंगाला लावण्याची साधी पावडर, मऊ ब्रशाने संशयित सांध्यांच्या खालच्या बाजूस हलकी भुरभुरावी. पट्ट्यांवर व हवेच्या तोंडात ती जाऊ नये एवढी काळजी घ्यावी. मग गाडी आठदहा किलोमीटर चालवून आणावी, इंजिन पाचसात मिनिटे जागेवर चालू ठेवावे, नंतर बंद करून विजेरीच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या पुडीवर तेलाची काळी रेघ स्पष्ट उठून दिसते. ती रेघ खालून वर वाचीत जावी. तेल खाली उतरते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. सबब सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा हाच बहुतेक वेळा उगम असतो. लहान आरसा काठीला बांधून इंजिनच्या मागच्या, भिंतीकडील बाजूस धरल्यास जे डोळ्यांना दिसत नाही तेही दिसते. इतके करूनही उगम सापडला नाही, तर तेलात मिसळण्याचे चमकते द्रव्य व ते पाहण्याचा अतिनील दिवा चांगल्या कारखान्यांत असतो. तो उपाय खात्रीचा आहे, पण घरच्या दहा गळत्यांपैकी नऊंना त्याची गरज पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

शोध वरून सुरू करावा. तेल भरण्याच्या टोपणाचे रबर, त्याखाली टॅपेट कव्हरचे पॅकिंग, डिस्ट्रिब्यूटरचे कडे, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंजिनला लावलेल्या यांत्रिक पेट्रोलपंपाचे पॅकिंग, तेलाच्या दाबाचा स्विच, तेलाचा फिल्टर, कॅमशाफ्ट व क्रँक ह्यांचे पुढचे सील, आणि शेवटी चेंबर, त्याचा खालचा बोल्ट व क्रँकचा मागचा सील, असा हा क्रम ठेवावा. स्वस्त व सोपे ते वर आणि महाग व कष्टाचे ते खाली, अशीच बहुधा त्यांची मांडणी असल्यामुळे वरून खाली जाणारा मनुष्य पैशानेही वाचतो.

परंतु कोणत्याही पॅकिंगला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट पाहणे अत्यावश्यक आहे, आणि नेमकी तीच सर्वाधिक दुर्लक्षित राहते : इंजिनचा श्वास. पिस्टनच्या कड्यांमधून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये निसटतो, आणि तो बाहेर काढण्यासाठी टॅपेट कव्हरवरून एक रबरी नळी, काही गाड्यांत झडपेसह, एअर क्लीनरकडे किंवा मॅनिफोल्डकडे नेलेली असते. हिलाच आपण ब्रीदर म्हणतो. ही वाट काजळीने व चिकट साक्याने बुजली, की आतला दाब वाढतो आणि तो जेथे सांधा दुबळा सापडेल तेथून तेल बाहेर ढकलतो. मग एक सील बदलावा तर दुसरा गळू लागतो, दुसरा बदलावा तर तिसरा. एकाच वेळी तीनचार ठिकाणी ओल दिसली, तर तीनचार पॅकिंगे एकदम गेली असे न मानता ब्रीदर तुंबला आहे असे धरून चालावे. इंजिन संथ चालू असता तेलाचे टोपण जपून उघडावे : किंचित धडधड जाणवणे स्वाभाविक आहे, पण धुराचे जोरदार झोत येत असतील, तर दाब जादा आहे. नळी काढून रॉकेलने धुवावी, वाळवावी, तडकली असल्यास बदलावी. झडप कानाशी हलविल्यास आत खुळखुळ वाजली पाहिजे, ती मुकी असेल, तर नवी घालावी. वाट स्वच्छ करूनही झोत तसेच राहिले, तर पिस्टनच्या कड्या झिजल्या आहेत, आणि मग दोष पॅकिंगचा नसून इंजिनच्या आयुर्मानाचा आहे, हे मान्य करून पुढचा विचार करावा. तेल वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणे, ही चूकदेखील असाच दाब व फेस निर्माण करते. म्हणून सकाळी सपाट जागेवर तेलपट्टी पुसून, पुन्हा बुडवून पातळी पाहावी.

टॅपेट कव्हरची गळती सर्वांत अधिक आढळणारी, आणि घरी दुरुस्त करण्यास सर्वांत योग्य. इंजिन थंड असता प्लगच्या तारांवर क्रमांक लिहून त्या सोडवाव्यात, ब्रीदरची नळी काढावी, आणि कव्हरचे नट तिरकस क्रमाने, प्रत्येकी थोडे थोडे, सैल करावेत. कव्हर चिकटून बसले असेल, तर लाकडी हातोडीने कडेवर हलके ठोकावे. स्क्रूड्रायव्हर सांध्यात खुपसून उचकटल्यास धातूवर ओरखडा पडतो, आणि तो ओरखडाच पुढच्या गळतीचा उगम ठरतो. आतील यंत्रावर स्वच्छ कापड अंथरून दोन्ही कडांवरील जुने पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे, तेल पूर्ण पुसावे, आणि कव्हरची कड काचेवर ठेवून सपाट आहे का ते पाहावे. पत्र्याच्या कव्हरात बोल्टच्या छिद्रांभोवती खड्डे पडलेले असतात, कारण पूर्वी कोणीतरी गळती थांबविण्यासाठी नट अधिक आवळलेले असतात. ते खड्डे लाकडाच्या ठोकळ्यावर धरून उलट बाजूने ठोकून सपाट करावेत. ह्याशिवाय कितीही उत्तम पॅकिंग घातले तरी ते टिकणार नाही.

नवे पॅकिंग रबरी असेल, तर कोरडेच बसवावे. सिलिकॉनचा मसाला फक्त जेथे दोन भाग कोपऱ्यात मिळतात तेथे, तांदळाच्या दाण्याएवढा लावावा. हा मसाला भरपूर लावला म्हणजे काम पक्के झाले, ही समजूत घातक आहे, कारण आतल्या बाजूस उतरलेला जादा मसाला तुटून तेलपंपाच्या जाळीत जाऊन बसतो व इंजिनचा तेलपुरवठा तोडतो. नटांखालील रबरी वॉशरही ह्याच वेळी नवे घालावेत. नट मधून बाहेर, तिरकस क्रमाने, दोन फेऱ्यांत आवळावेत, आणि ते मनगटाच्या बळावर, दंडाच्या नव्हे. बहुतेक लहान गाड्यांत येथे एक किलोग्रॅम-मीटरच्या आसपासचा ताण पुरतो, तरी आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात पाहून घ्यावा. मसाला लावला असल्यास रात्रभर वाळू देऊन मगच इंजिन सुरू करावे.

फिल्टर व चेंबरचा बोल्ट ह्यांच्या गळत्या बहुधा तेल बदलण्याच्या वेळच्या घाईतून जन्मतात. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनला चिकटून राहिले व त्यावरच नवा फिल्टर चढविला, तर तेल धो धो सुटते. म्हणून ती जागा बोट फिरवून पाहावी, नव्या कड्यास तेलाचे बोट लावावे, आणि कडे टेकल्यानंतर हाताने सुमारे पाऊण फेरा आवळावा. चेंबरच्या बोल्टखालचे तांब्याचे अथवा ॲल्युमिनियमचे वॉशर दर वेळी नवे हवे. दाबाच्या स्विचची तार उपसून पाहता टोपीत तेल दिसले, तर स्विच आतून फुटला आहे. तो बदलणे हा दहा मिनिटांचा मामला आहे.

चेंबरखाली शिरण्याचा प्रसंग आल्यास नुसत्या जॅकवर विश्वासून गाडीखाली जाऊ नये. भक्कम स्टँड लावून, हातब्रेक ओढून, मागच्या चाकांस लाकडी ठोकळे अडकवूनच जावे. बंजारा हिल्सच्या चढउतारांवर किंवा गल्लीतील उंच गतिरोधकांवर चेंबर घासून त्याचा पत्रा पिचलेला असणे ही येथील नित्याची गोष्ट आहे, तेव्हा केवळ पॅकिंग न पाहता पत्र्याची कडही पाहावी. क्रँकचा मागचा सील गिअरबॉक्स उतरविल्याशिवाय बदलत नाही, म्हणून त्याच्यावर संशय सर्वांच्या शेवटी घ्यावा. ज्यांच्याकडे बीएमसी बनावटीच्या १४८९ घनसेंटिमीटर इंजिनाची जुनी ॲम्बेसेडर आहे, त्यांनी तर हे अवश्य लक्षात ठेवावे, की त्या इंजिनास मागे रबरी सील मुळातच नाही. क्रँकवर कोरलेली मळसूत्री खाच फिरता फिरता तेल परत चेंबरकडे ढकलते, आणि गाडी उतारावर उभी केली असता चार थेंब पडणे हा त्या रचनेचा स्वभाव आहे. त्यासाठी इंजिन उतरविण्याचा खर्च करू नये.

सुटे भाग घेताना जुना सील बरोबर न्यावा. सिकंदराबादेच्या राणीगंज बाजारात ऑइल सील मापावर मिळतात : आतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी हे तिन्ही आकडे मिलिमीटरमध्ये सीलवरच छापलेले असतात. नायट्राइल रबराचा सील स्वस्त पडतो, परंतु साधारण शंभर अंशांच्या वर सतत राहिल्यास तो लवकर कडक होतो. व्हिटॉनचा सील महाग असला तरी उष्णता पुष्कळ अधिक सोसतो. क्रँक व कॅमच्या सीलकरिता, तेथवर पोचण्याचे श्रम ध्यानी घेता, मी व्हिटॉनच पसंत करतो. बसविण्यापूर्वी दांड्यावर नखाला लागेल एवढी चर पडली आहे का ते पाहावे. चर असल्यास नवा सील अर्धाएक मिलिमीटर मागे-पुढे बसवावा, म्हणजे त्याची ओठाची कड अखंड धातूवर येते.

गळती थांबविणारी औषधे बाटलीतून मिळतात. ती रबर फुगवून काही काळ सांधा भरतात, आणि दूरच्या प्रवासापूर्वी तात्पुरता इलाज म्हणून त्यांचा उपयोग नाकारता येत नाही. पण चिरलेल्या रबराला ती पुन्हा सांधू शकत नाहीत. वीस वर्षांपलीकडच्या गाडीत पुस्तकाने परवानगी दिली असेल, तर २०डब्ल्यू-५० सारखे जाडसर तेल वापरल्याने पाझर काहीसा कमी होतो, एवढेच.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन दाखला नवा करावा लागतो. खैरताबादेच्या परिवहन दप्तरात किंवा आपल्या भागातील कचेरीत गाडी तपासणीस रुजू करण्याच्या आदल्या दिवशी इंजिन धुऊन चकचकीत करण्याची वहिवाट आहे. त्याऐवजी मुदतीच्या दोन महिने आधी धुवावे, म्हणजे त्या चकाकीवर ओल कोठे येते ते पाहण्यास व ती बंद करण्यास अवधी मिळतो.

दुरुस्तीनंतर पुठ्ठ्याचा नवा तक्ता सात रात्री गाडीखाली ठेवावा व शंभर किलोमीटरनंतर तेलपट्टी पुन्हा पाहावी. पहिल्या रात्री एखादा थेंब पडला तरी घाबरू नये. फटीत अडकलेले जुने तेल ओघळण्यास दोनतीन दिवस घेते. काढलेले काळे तेल मोरीत किंवा नाल्यात ओतू नये, ते पुढे मुशीतच जाते. रिकाम्या डब्यात भरून, घट्ट झाकण लावून, वापरलेले तेल शुद्धीकरणासाठी गोळा करणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्याकडे पोचेल अशा कारखान्यात द्यावे. फरशीवर राहिलेल्या डागावर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवावा, सकाळी झाडून घ्यावा आणि धुण्याचा सोडा व गरम पाणी ह्यांनी घासावा; तांडूरचा दगड तेल खोल पिऊन बसतो, त्यामुळे दोनतीन वेळा घासावे लागते.